कुलपातला फडा

गजभिये बाईंच्या वर्गात एक लोखंडी कपाट होतं. त्यात खडूंचे डबे, तपासायच्या वह्या, हजेरीपुस्तक, एक रंग उडालेला पृथ्वीगोल आणि सगळ्यात खालच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळून आडवा ठेवलेला फडा. फडा म्हणजे आमच्या भागातला शिंदीच्या पानांचा झाडू. बाकीच्या वर्गांत तो दाराआड उभा असायचा. बाईंचा कुलपात असायचा आणि किल्ली त्यांच्या रुमालाच्या गाठीत.

बाई गेल्यावर सक्करदऱ्यातल्या बुद्धविहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तेव्हा मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, माईक हातात घेतला आणि डोळ्यांसमोर फक्त तो फडा आला. झाडूवर काय बोलणार? "बाई फार शिस्तीच्या होत्या," असं काहीतरी म्हणून मी खाली बसलो. ते वाक्य खोटं नव्हतं. पण त्यात बाई नव्हत्या.

आमची शाळा तलावापासून पाच मिनिटांवर, सकाळची, सातची. तिसरीचा वर्ग बाईंचा, चौथीचा माझा. मध्ये लाकडी फळ्यांची भिंत, छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे अकरा वर्षांत मी बाईंना पाहिलं त्यापेक्षा जास्त ऐकलं.

फळ्यावर लिहिताना त्यांची वर्गाकडे पाठ असायची. मागे कोणी कोणाच्या वेणीला हात लावला की लिहिता लिहिताच आवाज यायचा, "मले दिसते." खडू थांबायचा नाही. बाईंच्या अंबाड्यात एक डोळा आहे अशी पोरांची खात्री होती. जूनच्या शेवटी शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात कोणीतरी धीट पोट्टं ते तपासायला खुर्चीमागे जायचंच.

हजेरी त्या नंबराने घेत नसत. पूर्ण नाव घ्यायच्या. आधी मुलाचं, मग आईचं, मग बापाचं, शेवटी आडनाव. चौतीस मुलांची हजेरी बारा मिनिटं चालायची. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दारात येऊन वैतागायच्या. "अहो गजभिये बाई, हजेरी आहे की लग्नपत्रिका?"

"कोणाच्या घरून आलं ते पोराले रोज ऐकू द्या ना," बाई म्हणायच्या. "काही बिघडत नाही."

आणखी एक होतं. वेळापत्रकात भाषेचा तास पहिला. बाई पहिल्या तासाला गणित घ्यायच्या आणि कविता कायम शेवटच्या तासाला. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा कारण विचारलं, तर त्यांनी "सकाळी पोरं उशिरा येतात," असं सांगितलं. पोरं उशिरा येत नव्हती. आम्ही ती त्यांची एक खोड समजत होतो. कुलपातला फडासुद्धा शाळेला खोडच वाटायचा.

शिपायाचं पद कित्येक वर्षं भरलेलं नव्हतं. वर्ग झाडण्याचं काम पोरांवर आलं होतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. बाई मात्र साडेसहालाच यायच्या, दार आतून लावून घ्यायच्या, स्वतः वर्ग झाडायच्या, फडा गुंडाळून कुलपात ठेवायच्या, हात धुवायच्या आणि मग दार उघडायच्या. त्यांच्या वर्गातल्या एकाही मुलाने त्यांना झाडताना पाहिलं नव्हतं. वर्ग आपला आपणच स्वच्छ होतो असं त्या पोरांना वाटत असावं.

मी नोकरीला लागलो त्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका सकाळी बाई चहा घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. चहा त्या डब्याच्या झाकणात ओतून प्यायच्या, कोरा. वर्गात दोन मुली झाडत होत्या.

"सर, आज कोण झाडते?"

मी नावं सांगितली. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. "सर, आज कोण झाडते?" मी पुन्हा नावं सांगितली. तिसऱ्या दिवशी मला हसू आलं. चौथ्या दिवशी राग आला. पाचव्या दिवशी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की पाचही दिवस मी त्याच चार मुलींची नावं घेतोय. त्यांची घरं एकाच गल्लीत होती.

"बाई, मी कोणाला नेमलेलं नाही," मी म्हणालो. "मी नुसतं म्हणतो, झाडून घ्या गं कोणीतरी."

"मले माहीत आहे. तुम्ही नाही सांगत. त्या आपोआप उठतात." त्यांनी झाकणातला शेवटचा घोट घेतला. "तेच तं."

माझं आडनाव सांगितलं की लोक पुढचं काही विचारत नाहीत. म्हणून कदाचित मला ते चोवीस वर्षांचा होईपर्यंत दिसलं नव्हतं. त्यानंतर मी पाळ्या लावल्या, पाटीवर तक्ता केला आणि प्रश्न सुटला असं समजलो. फडा मी स्वतः हातात घ्यावा, हे तेव्हाही सुचलं नाही.

हारुका आली त्या वर्षी बाईंच्या निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. ती जपानमधल्या कुठल्याशा लहान गावातल्या अध्यापक विद्यालयात शिकत होती. सहा आठवडे परदेशातल्या प्राथमिक वर्गावर शिकवायचं, वर्गशिक्षिकेने मूल्यमापनाचा फॉर्म भरून सही करायची, मग ते सहा आठवडे धरले जाणार. सही नसेल तर सगळं वर्ष पुन्हा. हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. ती वर्षभर मराठी शिकून आली होती. तिच्या बोलण्यात अर्धी मराठी आणि अर्धी इंग्रजी असायची. इथे मी ते जरा सरळ करून लिहितो.

बाईंनी तिला पहिले तीन दिवस शिकवू दिलं नाही. "आधी चौतीस नावं पाठ करा. पूर्ण." फळ्यांच्या भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. हारुका अडखळत "सांची करुणा अनिल मेश्राम" म्हणायची, आणि सगळा वर्ग तिला सुधारायचा. 'ल' म्हणताना तिची जीभ अडायची. मधल्या सुट्टीत पोरं तिला घेरून उभी राहायची.

"बाई, तुमच्या इकडे काड्यांनं जेवते म्हणते, खरं काय?"

"हाव," हारुका म्हणायची. हा शब्द तिला पहिल्याच दिवशी आला.

"मंग वरण कसं खाता वं?"

चौथ्या दिवशी चौतीसही नावं न अडखळता म्हणून झाली. बाईंनी खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिला "काहून" हा शब्द फार आवडला होता. गणितात उत्तर बरोबर आलं तरी ती विचारायची, "काहून?" बाईंना ते पटलं असावं. एकदा चहा पिताना म्हणाल्या, "ही पोरगी विचारते. आपल्याकडच्या छात्रशिक्षिका नुसतं पाठाचं टाचण काढतात."

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती जाणार होती. शनिवारी विमान. सोमवारपासून वर्ग पूर्ण तिच्या हाती आणि शुक्रवारी शेवटचा पाठ. नेमकं सोमवारी आणि मंगळवारी बाईंना मतदार यादीच्या कामावर बोलावणं आलं. रविवारी संध्याकाळी त्यांनी हारुकाला किल्ली दिली. ती किल्ली त्यांनी आजवर कोणाला दिलेली नव्हती.

तिने कपाट उघडलं तेव्हा तिला फडा दिसला. नंतर तिने मला सांगितलं की तिला काय वाटलं होतं. तिच्या देशात शाळेतली मुलं रोज वर्ग झाडतात, फरशी पुसतात, संडासही धुतात, आणि शिक्षक त्यांच्यासोबत गुडघ्यावर बसतात. इथे सहा आठवडे वर्ग रोज चकचकीत दिसत होता, पण झाडताना कोणी दिसत नव्हतं. तिला वाटलं, इथेही मुलंच झाडतात. पाहुणी आलीय म्हणून तिला दाखवत नाहीत. आता निघताना आपणही त्यांच्यासोबत झाडावं. ही तिच्या मनाने वर्गाला द्यायची भेट होती. सोमवारी शाळा सुटल्यावर ती सदर बाजारात जाऊन चार बादल्या, ब्रश आणि एकसारख्या निळ्या कापडाचे चौतीस तुकडे घेऊन आली.

मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर पलीकडून हसण्याचा आवाज यायला लागला. मी डोकावलो. चौतीस पोरं गुडघ्यांवर ओळीत, हातांखाली निळी फडकी, आणि हारुका त्यांच्या पुढे, पाटलोण घोट्याच्या वर दुमडून. ती "एक, दोन, तीन" म्हणाली की सगळे फरशी पुसत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावायचे. अर्धी पोरं ओली झाली होती. इतका आनंद मी त्या वर्गात पाहिला नव्हता. मग ती पाच-सहा जणींना घेऊन अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासाकडे गेली.

मला तेव्हा कळलं. फडा कुलपात का असतो ते मला त्या शाळेत सगळ्यात जास्त माहीत होतं. दहा पावलं चालून तिला थांबवायचं होतं. मी थांबवलं नाही. सगळेच करतायत, ती स्वतः करतेय, असं मनाशी म्हटलं. आणि खिडकीतून फोटो काढला. छान फोटो आला होता. सांची संडासाच्या दारात उभी, हातात ब्रश, पुढचे दोन दात पडलेले, हसतेय. मी तो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. मोठ्या बाईंनी तो "स्वच्छ शाळा, सुंदर शाळा" असं लिहून पालकांच्या ग्रुपवर पाठवला.

बुधवारी सकाळी साडेसहाला फाटकाशी पंचवीस-तीस माणसं उभी होती. पुढे सांचीची आजी, अनुसया आजी. तिने तीस वर्षं शहराचे रस्ते झाडले होते. बाई दोन दिवसांनी येत होत्या. त्यांनी स्कूटी उभी केली आणि आजीने फोन त्यांच्यासमोर धरला.

"हे काय आहे बाई? तुमच्या वर्गातलं आहे. मी म्हटलं दुसऱ्या शाळेतलं असल. गजभिये बाईच्या वर्गातलं नसल."

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेऊन फोटो पाहिला.

"मी रस्ते झाडले," आजी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माह्या सासूनं झाडले. या पोरीचा बाप मोठा झाला तं त्याच्या हातात मी फडा येऊ नाही दिला. आन् हे पोट्टी काल घरी येऊन नाचून राहिली, आजी, मी संडास धुतला म्हणते. सांगा, मी तिले काय सांगू?"

मागून कोणी ओरडलं, "टीसी काढा पोरायच्या!" कोणी म्हणालं, पोलिसात जाऊ. हारुका आतून धावत आली. तिला शब्द कळत नव्हते, चेहरे कळले. ती हात मांड्यांवर ठेवून कमरेतून खाली वाकली आणि तशीच राहिली.

"वाकून नको राहू वं," अनुसया आजी म्हणाली. "मले कोणी वाकलेलं पाहवत नाही."

बाई मध्ये आल्या. "आजी, वर्ग माझा आहे. फडा माझ्या कपाटात असते. किल्ली मी दिली, आन् कपाटात काय आहे, काहून आहे, ते सांगितलं नाही. चूक माझी." त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. छत्तीस वर्षं नोकरी झालेल्या बाईंना तसं उभं असलेलं मी पाहू शकलो नाही. मी बुटाकडे पाहत राहिलो. फोटो कोणी काढला हे अजून कोणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी लोक पोरांना घेऊन परत गेले.

मोठ्या बाईंनी लगेच बाईंना बोलावलं. मार्ग सोपा होता: छात्रशिक्षिकेने परवानगी न घेता हा प्रकार केला, म्हणून तिचा सराव थांबवण्यात येत आहे, असं एक पत्र बाईंनी लिहून द्यायचं. पालक शांत होतील, शाळेवर काही येणार नाही. "आणि तो फॉर्म कोराच राहू द्या. आपल्याला काय, ती शनिवारी जाणारच आहे."

"शुक्रवारी सांगते," बाई म्हणाल्या.

मी रिकाम्या तिसरीच्या भिंतीला लागून वह्या तपासत बसलो होतो. खरं म्हणजे ऐकत होतो. पलीकडे बाई आणि हारुका.

"सगळे मिळून केलं," हारुका म्हणत होती. रडू आवरायचा प्रयत्न ऐकू येत होता. "मीपण केलं. आमच्याकडे हे चांगलं काम आहे. बाई, मी चूक, मला समजते. पण काहून चूक?"



"तुमच्या इकडे सगळे झाडते," त्या म्हणाल्या. "आमच्या इकडे सगळ्यायनं कधीच नाही झाडलं. आम्हीच झाडलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं. सावनेरच्या पुढे त्यांचं गाव. तिसरीत असताना गुरुजी त्यांना आणि आणखी एका मुलीला सकाळी शाळेचं पटांगण झाडायला लावायचे. बाकीची मुलं आत बसायची. पटांगण मोठं होतं, वर कडुलिंब. झाडून झालं की पानं पुन्हा पडायची. पहिला तास भाषेचा असायचा. गुरुजींचा आवाज चांगला होता आणि ते कविता चालीवर म्हणायचे. आतून मुलांचा आवाज यायचा, पण शब्द कळायचे नाहीत.

"तिसरीच्या पुस्तकातली एकही कविता मले येत नाही," बाई म्हणाल्या. "नंतर वाचल्या, शिकवल्या सुद्धा. पण कोणी म्हणून दाखवली, आन् मी बसून ऐकली, असं नाही झालं. म्हून माझ्या वर्गात कविता शेवटच्या तासाले. तेव्हापर्यंत सगळे आत आलेले असते."

मी लाल पेन खाली ठेवलं. हारुकाने पुन्हा "काहून" विचारलं नाही.

दुपारी बाई माझ्या दारात आल्या. चहा नव्हता हातात.

"सर, फोटो कोणं काढला?"

"मी," मी म्हणालो.

"मले दिसलं. तुमच्या खिडकीचा गज आला आहे त्याच्यात." त्या आणखी काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्या गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारी तिसरीत अकरा मुलं आली. बाईंनी हजेरी चौतीसांची घेतली. जो आला नाही त्याचंही पूर्ण नाव, आईचं, बापाचं, आणि मग थोडी शांतता. तेवीस वेळा ती शांतता भिंतीवरून माझ्या वर्गात आली. माझ्या पोरांनीही वह्यांवरून माना वर केल्या. हारुका मागच्या बाकावर बसून होती असं नंतर कळलं. संध्याकाळी बाईंनी पालकांच्या ग्रुपवर स्वतः संदेश टाकला: "उद्या शुक्रवारी पावणेसातला यावे. वर्ग पाहून जावे. मुलांना ठेवायचे की न्यायचे ते मग ठरवावे."

काय पाहायला बोलावलं, ते कोणालाच कळलं नाही. हारुकाला सगळ्यांसमोर माफी मागायला लावणार, असं मोठ्या बाई म्हणाल्या. हारुकालाही तेच वाटलं. शुक्रवारी ती आली तेव्हा तिच्या हातात एक कागद होता, देवनागरीत स्वच्छ अक्षरात लिहिलेला माफीनामा. रात्रभर लिहीत बसली असावी, डोळे सुजले होते.

पावणेसातला फाटक भरलं. बाईंनी सगळ्यांना वर्गाच्या दारापर्यंत आणलं. त्या वेळी ते दार रोज बंद असायचं. आज त्यांनी दोन्ही फळ्या उघडून खाली विटा लावल्या. वर्गात मंगळवारनंतरची सगळी धूळ होती, कागदाचे कपटे, पेन्सिलीची सालं. बाईंनी मुद्दाम झाडलं नव्हतं.

त्यांनी कपाट उघडलं. फडा काढला, वर्तमानपत्र सोडवून घडी करून ठेवलं. हारुकाने कागद काखेत धरला आणि दोन्ही हात पुढे केले. बाई तिच्या समोरून पुढे आल्या. अनुसया आजीच्या समोरून पुढे आल्या. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो, पाहायला आलेल्यांसारखा.

"सर, घ्या," बाई म्हणाल्या.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि हात उचलेना. तीस माणसं माझ्याकडे पाहत होती. त्यातल्या निम्म्यांची पोरं माझ्या हाताखालून गेलेली. मोठ्या बाई ऑफिसच्या पायरीवरून म्हणाल्या, "अहो, हे काय? सरांना कशाला?" बाईंनी तिकडे पाहिलं नाही. फडा माझ्यासमोर धरलेला तसाच होता.  माझ्या लक्षात आलं की मी नाही म्हणालो तर पुढे काय, हे त्यांनाही माहीत नाही.

मी फडा घेतला.

"आता तुम्ही," बाई हारुकाला म्हणाल्या, "तो कागद ठेवा. हे वाचा." त्यांनी तिसरीचं पुस्तक तिच्या हातात दिलं, पहिल्या कवितेचं पान उघडून. आणि स्वतः पहिल्या बाकावर, आठ वर्षांच्या मुलांच्या त्या बुटक्या बाकावर, गुडघे एका बाजूला करून बसल्या. हात मांडीवर ठेवले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

हारुका वाचायला लागली. तिला चाल येत नव्हती. ती एकेक शब्द वेगळा करत, 'ल' पाशी अडत, पुन्हा मागे येत वाचत होती. मी झाडत होतो. मला झाडता येत नाही हे मला तेव्हा कळलं. धूळ पुढे जाण्याऐवजी वर उडत होती.

"अवं बाप्पा," मागून अनुसया आजीचा आवाज आला, "सरले तं झाडताच नाही येत."

कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं.

"वाका ना गा सर थोडं. असं उभ्यानं कुठं होते काय? अन् दाबून नका मारू, ओढा, ओढा." ती आत आली आणि तिने हात पुढे केला. "द्या इकडे. तुमच्यानं नाही होत."

"नाही आजी," बाई बाकावरून म्हणाल्या. मान वळवली नाही. "तुमचं झाडून झालं आहे. बसा."

आजीने हात मागे घेतला. मग ती पहिल्या बाकावर, बाईंच्या बाजूला, पदर सावरून बसली. हारुका थांबली होती. "वाच वं," आजी म्हणाली. "काहून थांबली?"

मी वाकलो. कोपऱ्यापासून दारापर्यंत सगळा वर्ग झाडला. कविता माझ्याआधी संपली, तर बाई म्हणाल्या, "पुन्हा एकदा." दुसऱ्यांदा हारुकाचं वाचन जरा बरं झालं. धुळीमुळे असेल, मला वर पाहता येत नव्हतं; बाईंचा चेहरा कसा होता ते मी सांगू शकत नाही.

सातची घंटा झाली. अनुसया आजी उठली, दारापाशी गेली, सांचीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत ढकललं आणि म्हणाली, "जाय. अन् ब्रशाले हात लावशीन तं पाहजो." सव्वीस मुलं बसली. आठ आली नाहीत. त्यातल्या दोघांनी नंतर टीसी नेली, आणि त्यांची नावं बाई मार्चभर हजेरीत घेत राहिल्या.

शेवटच्या तासाला हारुकाचा शेवटचा पाठ झाला, त्याच कवितेवर. शाळा सुटल्यावर बाईंनी फॉर्म भरला. शेऱ्याच्या जागी मराठीत लिहिलं, "नावे पाठ केली. विचारायला शिकली. पुढे आधी विचारेल." आणि खाली सही, पूर्ण नावाची, आईच्या नावासकट. मोठ्या बाईंना पत्र मिळालं नाही. त्या बरेच महिने बाईंशी कामापुरतंच बोलल्या.

पोरं हारुकाला सोडायला फाटकापर्यंत गेली. "बाई, तुम्ही काहून जाऊन राहिल्या?" असं तिला चौतीस नाही तरी वीस वेळा विचारलं गेलं.  निळी फडकी ती बाईंजवळ ठेवून गेली. पुढे वर्षभर तिसरीचा फळा त्या फडक्यांनीच पुसला जायचा.

पुढच्या वर्षी मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "कपाट तुमच्या वर्गात नेऊन घ्या."

ऑगस्टमधल्या एका सकाळी, पावणेसातच्या सुमारास, माझ्या दारात कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. दार मी हल्ली उघडंच ठेवतो. बाई होत्या. बारीक झाल्या होत्या, साडी खांद्यावरून घसरत होती. दवाखान्यात जाता जाता आल्या असाव्यात. हातात फाईल होती. स्कूटी नव्हती, ऑटो बाहेर थांबवलेला. आजार कोणता ते मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यांनी सांगितलंही नाही.

"सर, आज कोण झाडते?"

"मी," मी म्हणालो. फडा माझ्या हातातच होता.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वर्गात नजर फिरवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग कपाटाखाली.

"तिथं राहिलं," त्या म्हणाल्या.

मी वाकून कपाटाखालून फडा ओढला. सरळ होऊन पाहिलं तेव्हा त्या फाटकाकडे निघाल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून, सावकाश चालत. मी तिथूनच हात उचलला आणि मग खाली घेतला. तरी मला वाटतं, त्यांना दिसलं असेल.